व्हर्डीचा पट्टा, डेलमसचा खांदा

डेलमसच्या तोंडाला झाकण नाही, हे व्हर्डीला लेकीच्या लग्नातच कळलं होतं. तेही तिने पदरी पडलं म्हणून गोड मानलं. पण हल्ली जावई तिच्या नावाने बोलायला लागला होता, तेही न विचारता! पेंडीच्या दुकानावर, चर्चच्या फळ्यावर, केस कापायच्या दुकानात, जिकडे बघावं तिकडे बंदूक घेतलेल्या व्हर्डीचा हातभर फोटो, आणि खाली लाल अक्षरांत: ‘या लुळ्या आजीची बंदूक सरकार हिसकावतंय!’

“लुळी?” व्हर्डी पेंडीच्या दुकानातच कडाडली. “बरणी गुडघ्यात धरून शेंगांच्या साठ बरण्या भरल्या मी, एका हाताने! लुळी म्हणे!”

“आई, लोकांना दया यायला हवी ना,” डेलमस म्हणाला.

“तुझी येते की त्यांना. तेवढी पुरे.”

गोष्ट एवढीच होती. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि व्हर्डीचा डावा हात गेला. हे कळल्यासारखा कुंपणाखाली बीळ केलेला ग्राउंडहॉग, घुशीसारखाच पण मांजराएवढा लठ्ठ, दिवसाढवळ्या येऊन तिच्या शेंगा खाऊ लागला. तेव्हा याच डेलमसने तिला एक आखूड बंदूक आणून दिली. मागे रबराची पन्हळ; तीत कोपरापुढचा हात घालायचा, पट्टा आवळायचा, की एका हातात बंदूक खिळल्यासारखी. जावयाने जन्मात केलेलं हे एक शहाणं काम. व्हर्डी ओसरीत बसून नेम धरायची, आणि केंटकीतल्या त्या डोंगरात तिच्याइतक्या शेंगा कुणाच्या नव्हत्या.

आता वॉशिंग्टनचं बंदुकांचं खातं म्हणत होतं, लोक ही पन्हळ खांद्याला टेकवतात, म्हणजे हे साधं पिस्तूल नाही, कायद्याने बंधन असलेली आखूड रायफलच. एक तर नोंदणी करा, नाहीतर पट्टा काढा.

“आपल्या घरातलं कुणी त्या नोंदणीच्या कागदावर सही करणार नाही!” डेलमस गरजला. म्हणजे पुन्हा तिच्या वतीने. आणि सही नाही तर पट्टा नाही. पट्टा नाही तर बंदूक हातात ठरत नाही. मग शेंगा ग्राउंडहॉगच्या. व्हर्डीची झोप उडाली ती एवढ्यासाठी.

शनिवारी दुपारी खात्याची बाई लोकांचं म्हणणं लिहून घ्यायला आली. आगीचा बंब बाहेर काढून त्याच्या शेडमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. बाई तरुण, नाव मिस प्रूइट, बूट शहरी. डेलमस फोटो डोक्यावर धरून उभा राहिला आणि त्याने वीस मिनिटं हक्क, पूर्वज, राज्यघटना असं सगळं एका दमात ओतलं. टाळ्या पडल्या.

मिस प्रूइटने चष्मा लावला. “फोटो जरा खाली घ्याल? आजींनी बंदूक खांद्याला लावलीय की.”

सगळ्यांच्या माना फोटोकडे वळल्या. मग बंबवाला म्हातारा ओटिस फिस्सकन हसला, आणि अख्खी शेड हशाने फुटली.

“ते... फोटोपुरतं!” डेलमस लालबुंद. “रुबाब दिसावा म्हणून मीच तसं धरायला लावलं!”

“दिसला रुबाब!” ओटिस डोळे पुसत म्हणाला. “सरकारला पुरावा घरपोच दिलास, बाबा!”

हसू ओसरल्यावर मिस प्रूइट हळूच म्हणाली, “कोटाखाली लपणारी बंदूक खांद्यावरून नेमकी लागते. त्यात माणसं मेलीत, आजी. नियम काही आभाळातून पडला नाही.”

“मेलीत, हे खरं,” व्हर्डी उठली. “त्यावर मी हसणार नाही. पण आता माझं ऐक.” तिने पर्समधून पन्हळ काढली. बंदूक घरी ठेवून नुसती पन्हळ आणली होती. सभेत बंदूक मिरवायला ती डेलमस नव्हती. टेबलावर ठेवून तीत हात घातला, दातांनी पट्टा ओढला आणि लोकांकडे वळली. “ही पन्हळ कुणाकुणाकडे आहे? हात वर!”

चाळीसेक हात वर गेले. डेलमसने तर तीन बोटं दाखवली.

“आता ज्याने एकदा तरी पट्टा हाताला बांधलाय, त्याचाच हात वर राहू द्या.”

कणसं कापल्यासारखे हात खाली आले. एकच उरला, पट्टा बांधलेला, व्हर्डीचा. ओटिस हसता हसता खुर्चीसकट मागे कलंडला. मिस प्रूइटसुद्धा हसू दाबत लिहीत होती. “आजी, हे तुमच्याच शब्दांत लेखी हवं. खाली सही.”

व्हर्डीची शाळा चौथीत सुटली होती. तिने कोरा कागद उचलला आणि डेलमसपुढे आपटला.

“बस, जावईबापू. नियम आला तुझ्यासारख्यांच्या खांद्यामुळे, आणि भोगायचं माझ्या हाताने! माझा हक्क माझा मी मागेन, माझ्या सहीने. तुझं अक्षर तेवढं सुरेख आहे, ते वापर. लिही: ‘माझा जावई गाढव आहे, पण पट्टा माझा आहे.’ आणि ‘गाढव’ नीट ठळक काढ, त्या फोटोखाली ‘लुळी’ काढलंस तसं!”