पांढरी पिशवी, पिवळी पिशवी

चांगुणाबाई बाजाराला निघाल्या की त्यांच्या दोन खांद्यांवर दोन पिशव्या असत. एक पांढरी, मांजरपाटाची, दर आठवड्याला साबणानं धुतलेली. दुसरी पिवळी, खताच्या रिकाम्या पोत्यातून शिवलेली. पांढरीत मुलाचं आणि स्वतःचं, पुढं नातू झाला तेव्हा नातवाचं. पिवळीत सुनेचं. वसमतच्या आठवडी बाजारात भाव करणाऱ्या बाया पुष्कळ, पण घरातली माणसं अशी पिशव्यांत वाटून आणणारी ही एकटीच.

पांढरी भरायची ती प्रेमदासकडं. प्रेमदास तांड्यावरचा, बाजाराच्या शेवटच्या टोकाला पोतं अंथरून बसायचा. त्याची भाजी बिनफवारणीची, शेणखतावरची, म्हणून भावाला दुप्पट. चांगुणाबाई नुसत्या शब्दावर भुलणाऱ्या नव्हत्या. एकदा न सांगता त्याच्या शेतातल्या आखाड्यावर जाऊन त्यांनी गोठा, माळवद, कडब्याची गंजी असं सगळं हुडकलं होतं, कुठं फवारणीचा पंप सापडतो का म्हणून. सापडला नाही. तेव्हापासून पांढरी पिशवी त्याचीच. मग परत येताना पुढच्या ढिगांतून, जे स्वस्त पडेल ते, पिवळीत.

संध्याला हे लग्नानंतरच्या पहिल्याच बाजाराला कळलं. तिनं दोन्ही पिशव्यांतली मेथी एकत्र निवडायला घेतली तर सासूनं तिचा हात धरला.

"ती येगळी. आपल्यासाठी. ही तुझी."

"काहून, आत्याबाई?"

"तिच्यावर औषध मारेल असतंय."

संध्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पण चांगुणाबाईंनी तोवर दोन पातेली काढून ठेवली होती. स्टीलचं तिघांपैकी दोघांचं, आणि बूड काळं पडलेलं जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं, तिच्या एकटीचं.

चांगुणाबाईंना औषधाची धास्ती उगाच नव्हती. त्यांचे मालक नरसिंग जन्मभर पाठीवर पंप घेऊन दुसऱ्यांच्या कापसात, हळदीत फवारे मारत फिरले. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या सदऱ्याचा वास घरभर. पुढं पोटात गाठ झाली आणि माणूस खंगून खंगून गेला. डॉक्टरांनी कारण काही सांगितलं नाही. चांगुणाबाईंनी ते स्वतःच ठरवलं. अंगावर उडालं त्यानं माणूस जातो, तर पोटात गेल्यावर काय होईल, असं त्या शेजारणींना विचारत. बाजारची भाजी म्हणजे विष, यात त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

आणि तेच संध्याला डाचायचं. बाजारची भाजी सगळं वसमत खातं. तिच्या माहेरी साखऱ्यालाही तीच खात होते आणि धडधाकट होते. त्या भाजीत विष असेल नाहीतर नसेल. पण सासूच्या मनात ते होतं, पक्कं होतं, आणि विष आहे असं मानूनच ती सुनेला रोज वाढत होती. दुप्पट भाव सगळ्यांना परवडत नाही, हे संध्याला समजलं असतं. मग सगळ्यांनी अर्धं अर्धं खाल्लं असतं. पण चांगुणाबाईंचा हिशेब निराळा होता आणि तो त्या वांगी चिरता चिरता सहज सांगून टाकत.

"बायको दुसरी भेटती, बाई. लेकरू दुसरं भेटत न्हाई."

संध्यानं नवऱ्याला सांगून पाहिलं. बुद्धभूषण एका शाळेत क्लार्क. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला कणा दिलेला नव्हता. आईसमोर त्याच्या तोंडात मिठाची गुळणी. स्टीलच्या पातेल्यातली भाजी भाकरीवर घेत, मान खाली घालून तो म्हणाला, "खाऊन घे ना. सगळं गाव तेच खातंय." मग माहेरी फोन केला. आई, भागूबाई, म्हणाली, "दोन टाइम भेटतंय ना पोटाला? मंग." त्यानंतर संध्यानं कुणाला सांगितलं नाही. सांगायला उरलंच कोण होतं?

या घरात एक गोष्ट दर चौदा एप्रिलला सांगितली जायची. चांगुणाबाईंच्या वडिलांना त्यांच्या गावच्या हॉटेलात वेगळी कपबशी होती. बाहेर वळचणीला खिळ्याला अडकवलेली, कान तुटलेली. आपणच काढायची, आपणच धुवायची, आपणच अडकवायची. चहा वरून ओतत. सांगताना चांगुणाबाईंचा आवाज चढायचा, डोळ्यांत पाणी यायचं आणि ते पाणी खोटं नसायचं. "माणसाला माणूस शिवू देत नव्हते," त्या म्हणत. संध्या त्या वेळी स्वयंपाकघरात जर्मनच्या पातेल्यात आपली भाजी हलवत असायची. आपलं दुखणं माणसाला तोंडपाठ असतं, दुसऱ्याचं त्याला डोळ्यांपुढं धरलं तरी वाचता येत नाही.

मग संध्याला दिवस गेले.

पुढच्या बाजारातून पिवळी पिशवी रिकामी परत आली. चांगुणाबाईंनी तिची घडी करून माळ्यावर टाकली, जर्मनचं पातेलं पालथं घातलं आणि स्टीलच्या पातेल्यातून सुनेला स्वतःच्या हातानं वाढलं. "खा बाई, पोटभर खा." प्रेमदासची कोवळी चवळी, प्रेमदासची वांगी, प्रेमदासचा पालक. संध्या चार माणसांसारखी सगळ्यांत बसून जेवू लागली. पहिल्या दिवशी तिला भरून आलं. सासूला उशिरा का होईना आपण घरच्या वाटलो, असं तिनं मनाशी धरलं. आयुष झाला, तेव्हाही तेच. अळिवाचे लाडू, शेपू, सगळं पांढऱ्या पिशवीतलं. तिनं आईला फोन करून सांगितलं की आत्याबाई आता लई जीव लावून राहिल्या.

आयुषचं अंगावरचं दूध तोडलं, त्या आठवड्यात पिवळी पिशवी माळ्यावरून खाली आली.

चांगुणाबाईंनी ती दारात झटकली, खांद्याला अडकवली आणि बाजाराला गेल्या. संध्या दारात उभी राहून पाहत होती. तिला सगळं एका झटक्यात उमगलं. तिला कुणी खाऊ घातलंच नव्हतं. खात होतं ते लेकरू, ती नुसती मधली वाट होती. त्या दिवशी ती न्हाणीत जाऊन रडली. मग तोंड धुऊन बाहेर आली, तर ओट्यावर जर्मनचं पातेलं सुलटं करून ठेवलेलं.

आयुष चालाय-बोलायला लागला तशी आजीनं त्याची शिकवणी घेतली. तो आईच्या ताटात हात घालायला जाई आणि आजी तो हात अलगद मागं घेई. "ते मम्मीचं, बाबू. पिवळीतलं. त्याला शिवायचं न्हाई. आपलं हे." पोरगं हुशार. दोनदा-तीनदा सांगितल्यावर पुन्हा सांगावं लागलं नाही. आईनं प्रेमानं घास पुढं केला तरी ते मान फिरवायचं आणि शहाण्यासारखं विचारायचं, "कोणत्या पिशवीतलं हाय?" संध्याच्या काळजाला त्या प्रश्नाइतकं काहीच लागलं नव्हतं.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी चांगुणाबाई न्हाणीत घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. आत सळई बसवली आणि डॉक्टरांनी खाटेवरून हलायचं नाही म्हणून बजावलं. बाहेरच्या खोलीत खाट टाकली. त्यांचं उठवणं, पुसणं, हागणं-मुतणं सगळं संध्याकडं आलं आणि तिनं नाक न मुरडता केलं. आजारी माणसावर राग काढायचा नाही, एवढं तिच्या आईनं तिला शिकवलं होतं.

पहिल्यांदाच ती एकटी बाजाराला निघाली. सवयीनं दोन्ही पिशव्या घेतल्या. प्रेमदासनं पिशव्यांवरून तिला ओळखलं.

"मावशी न्हाई आल्या, ताई?"

"पडल्यात. खाटेवर हाईत."

तिनं पांढरी भरून घेतली. दोडकी, मेथी, वांगी. मग तिनं पिवळी पुढं केली. "ही पण भर."

प्रेमदास हसला. "ह्याच्यात? मावशी माझा माल कधी पिवळीत पडू देत न्हाईत."

"तू भर."

पैसे दुप्पट गेले. त्याची तजवीज तिनं येतानाच केली होती. महिनाभर दुसरं काही घ्यायचं नाही. घराकडं येताना तिचं पाऊल हलकं पडत होतं. आता दोन्ही पिशव्या सासूपुढं ओतायच्या आणि म्हणायचं, बघा आत्याबाई, सगळं एकच आहे. आजपासून एक पिशवी, एक पातेलं. वाटभर ती हेच वाक्य मनात नीट बसवत आली. खरं सांगायचं तर तिला भांडायचं नव्हतं, तिला नुसतं घरात यायचं होतं.

ती उंबऱ्यात आली तोच खाटेवरून आवाज आला.

"पांढरी हिकडं आण, बघू दे. पिवळी तिकडंच ठेव बाहेर. वास येऊन राहिला तिचा."

सकाळी याच बाईचं अंथरूण संध्यानं धुऊन वाळत घातलं होतं. तारेवर ते अजून ओलं होतं. आणि वास पिवळीचा येत होता.

संध्याच्या मनात काहीतरी थंड झालं. तिनं पांढरी पिशवी आत नेऊन ओट्यावर ठेवली. पिवळी आणून खाटेच्या कडेला टेकवली.

"आजपासून ही तुमची."

चांगुणाबाईंना आधी समजलंच नाही. "काहून?"

"पांढरी बाप-लेकापुरतीच भेटली. म्हातारं माणूस आज हाय, उद्या न्हाई. लेकराच्या तोंडचं काहून काढायचं? तुमीच सांगता, लेकरू दुसरं भेटत न्हाई."

हे आपण बोललो, यावर तिचा स्वतःचा विश्वास बसेना. संध्याकाळी खरं सांगून टाकू, असं ठरवून ती आत गेली. तिनं एकाच पातेल्यात दोडक्याची भाजी केली आणि निम्मी जर्मनच्या पातेल्यात ओतून घेतली. सासूपुढं ती तेच पातेलं घेऊन गेली. काळं बूड पाहून चांगुणाबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी भाकरी मिठाशी लावून खाल्ली आणि भाजीला बोट लावलं नाही.

संध्याला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की तिची तिलाच भीती वाटली. संध्याकाळ झाली, ती काही बोलली नाही. उद्या सांगू म्हणाली. उद्याही गेला.

चांगुणाबाईंनी मुलाला हाक मारली. "भूषण, बघ रे ही मला काय घालून राहिली. मला मारून राहिली ही." बुद्धभूषणनं आईकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं आणि मग नेहमीप्रमाणं ताटाकडं पाहिलं.

"खाऊन घे ना, आई. सगळं गाव तेच खातंय."

पुढं चांगुणाबाई नुसत्या भाकरीनं हैराण झाल्या. हात काटकीसारखे झाले. औषधाच्या गोळ्या रिकाम्या पोटी जळजळायच्या. दिवसा भिंतीकडं तोंड करून त्या पडून राहत आणि नरसिंगचं नाव घेत. कधी पोटावर हात फिरवून गाठ चाचपत. प्रेमदासची ताजी, बिनफवारणीची भाजी त्यांच्या उशाशी निवून जाई, आणि संध्या ती रात्री स्वतः खाऊन टाकी. चव तीच होती, दिवस गेले होते तेव्हाची. आता तिला भरून येत नव्हतं.

एका दुपारी आयुष आजीच्या खाटेला टेकून जेवत बसला होता. ताटात वांग्याची भाजी, वरून शेंगदाण्याचा कूट. चांगुणाबाई कितीतरी वेळ त्याच्या बोटांकडं पाहत राहिल्या. मग त्यांनी हात लांब केला.

"एक घास दे रे बाबू. तुझ्यातला. एकच."

आयुषनं ताट चटकन पोटाशी ओढलं. पोरगं दुष्ट नव्हतं, त्यानं फक्त शिकवलेलं लक्षात ठेवलं होतं.

"तुझं पिवळीतलं हाय, आजी. आमच्याला शिवायचं न्हाई."

चांगुणाबाईंचा हात तसाच हवेत राहिला. त्यांच्या तोंडावर काय आलं, ते संध्यानं दारातून पाहिलं. त्या नातवाकडं पाहत नव्हत्या. कुठल्याशा वळचणीकडं पाहत असाव्यात तशी त्यांची नजर वर, छताच्या कडेला लागली होती.

एक शब्द पुरेसा होता. दोन्ही पातेल्यांत एकच भाजी आहे, एवढंच म्हणायचं होतं. तो शब्द संध्याच्या जिभेवर आला. तिनं चौकट धरली. आणि तिला आठवली ती माळ्यावरून खाली येऊन दारात झटकली गेलेली पिवळी पिशवी.

ती पुढं झाली. आयुषच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "शहाणं गं माझं लेकरू." मग जर्मनच्या पातेल्यातून डावभर भाजी घेऊन तिनं सासूच्या ताटलीत वाढली.

"खा, आत्याबाई. पोटभर खा."

चांगुणाबाईंनी बराच वेळ ताटलीकडं पाहिलं. मग भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला, आणि डोळे मिटून तो घास तोंडात घातला.