बोगद्याच्या अलीकडची थाप

"आपा, आता ही घोडी उडायला लागली तर मी उठून जाईन हं," बेक्तेमीर म्हणाला.

"उडत कुठे होती रे? नुसती शिंकली. त्या शिंकेसरशी मी सुसामीरच्या पठारावरून थेट पलीकडच्या खोऱ्यात. हातातल्या दुधाचा थेंब सांडला असेल तर शपथ."

तंबूतले ड्रायव्हर हसले. ओमुरझाक तेवढा हसला नाही. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. एरवी माझ्या थापेवर थाप मारणारा हाच. एका हिवाळ्यात म्हणे त्याची सावली रस्त्याला गोठून चिकटली, ती त्याने उलथन्याने खरवडून काढली आणि घडी करून घरी नेली. असा माणूस सकाळपासून माझ्या नानचा एकच तुकडा चिवडत बसला होता. बाहेर त्याचा ट्रक कलिंगडांनी भरलेला, तोंड घाटाकडे, आणि ऊन चढत चाललेलं.

वर बोगदा आहे. त्याच्या अलीकडे माझा चहाचा तंबू. मागल्या खेपेला पाय मुरगळला असं सांगून ओमुरझाकने दुसऱ्याच कुणाला तरी गाडी बोगद्यापार न्यायला लावली होती. लंगडलाही छान. फक्त कधी डाव्या पायाने, कधी उजव्या.

मी काही विचारलं नाही. ड्रायव्हरला काय झालं म्हणून विचारा, तो 'काही नाही' म्हणतो आणि निघून जातो. मी आपली त्याच्या वाडग्यात अर्धा अर्धाच चहा ओतत होते. आमच्यात अर्धा वाडगा म्हणजे अजून बस, तू हवा आहेस. काठोकाठ भरला की समजायचं, ऊठ आता.

तेवढ्यात माझी सून नुरिला आली. एका हातात चहाची किटली, दुसऱ्यात फोन, फोनमध्ये तिची बहीण. बोलता बोलता बाईने ओमुरझाकचा वाडगा काठापर्यंत भरला.

त्याने वाडग्याकडे पाहिलं. जेवण संपल्यावर दुआ करतात तसे तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि उठला. "चालतो, आपा."

"वर?"

"खाली. कलिंगडं परत नेतो. किल्ली मालकाला देऊन टाकतो. पुरे झालं."

तीस वर्षं गाडी चालवलेला माणूस तो. दुसरं काही येत नाही त्याला, आणि आवडतही नाही. नुरिलाला आपण काय केलं ते कळलं, तिने फोन पाठीमागे लपवला.

"ती तुला ऊठ म्हणाली नाही," मी म्हटलं. "तिने बहिणीला चहा दिला, वाडगा तुझा भरला. आणि माझ्या तंबूतून थाप मारल्याशिवाय कुणी जात नाही, ठाऊक आहे ना? मार आणि जा."

तो दाराकडे तोंड करूनच उभा राहिला. मग म्हणाला, "एक ड्रायव्हर होता. गेल्या हिवाळ्यात बोगद्यात त्याच्या पुढची गाडी बंद पडली. नुसता धूर. लोकांनी त्याला ओढून बाहेर काढलं. तो आला बाहेर, पण हात आतच राहिले. आता बोगद्याचं तोंड दिसलं की त्याला मनगटाच्या पुढे काही नसतंच. स्टिअरिंग असतं, हात नसतात."

"बायकोला सांगितलं का त्याने?" मी विचारलं.

"काय सांगणार? जेवायला बसला की असतात ना हात."

कुणी हसलं नाही. बेक्तेमीरने मिशी चोळली. सगळ्यांची टिंगल करणारा गडी, पण आवाज हळू करून म्हणाला, "ह्यात काय मोठी थाप? मी एकाला ओळखतो, त्याचे डोळे हरवलेत. उतारावरच्या वळणावर. तिथून त्याच्या दोस्ताची गाडी खाली गेली. आता तो ते वळण डोळ्यांशिवायच घेतो, आईचं नाव घेत."

कोपऱ्यातला म्हातारा सापाराली कुरुतचा, सुकवलेल्या दह्याचा खारट गोळा चघळत होता. तो गालात सरकवून म्हणाला, "माझ्या ओळखीच्याची झोप सांडलीय. गाडीखाली वाकून वाकून शोधतो. ऑइल सापडतं, झोप नाही."

ओमुरझाक म्हाताऱ्याकडे वळला. "बाइके, तुम्ही... म्हणजे तो?"

"तो," सापाराली म्हणाला.

"तोच," बेक्तेमीर म्हणाला.

ओमुरझाक खाली बसला. नुरिलाने मुकाट्याने तो भरलेला वाडगा बाहेर ओतला आणि अर्धा भरून आणला. तो त्याने प्यायला.

मग मी कुरुतची पिशवी उचलली. "मला पलीकडे जायचंय. विकायला."

"आपा, पलीकडे कुरुत विकत घेतंय कोण?" नुरिला म्हणाली. "घरोघरी आहे."

"तू फोनवर बोल."

बेक्तेमीरची गाडी पुढे, सापारालीची मागे, मध्ये आम्ही. बोगद्याच्या तोंडाशी ओमुरझाकचा ट्रक थांबला. पुढचे लाल दिवेही थांबले. मागून कुणी हॉर्न दिला नाही. त्याचा श्वास मला इंजिनाच्या आवाजातही ऐकू येत होता.

"हा बोगदा माझ्या आजोबांच्या घोडीने पाडला," मी म्हटलं. "एका रात्रीत. दोन डोंगरांएवढी होती."

तो समोर बोगद्याकडेच बघत होता.

"शेपटी झटकली की इकडे ढग, तिकडे पाऊस."

"एवढी घोडी आत शिरली कशी?" तो पुटपुटला. "तोंड बघा केवढं आहे."

"बसून शिरली."

"घोडी बसून चालते?"

"तू नाही का बसून चालत? तीस वर्षं बघतेय."

त्याने गिअर टाकला.

आत दिवे मिणमिणते, एके ठिकाणी तर नव्हतेच. तिथे त्याने माझी बाही घट्ट पकडली. मी घोडीला तिकडे शिंगरू झाल्याचं सांगत राहिले. बाही त्याच्या एका हातात होती, स्टिअरिंग दुसऱ्यात, म्हणजे हात दोन्ही होते. शिंगराचा रंग कोणता ते त्यानेच विचारलं.

पलीकडे लख्ख ऊन. तिन्ही गाड्या कडेला लागल्या. ओमुरझाक उतरला आणि ट्रकच्या पलीकडच्या बाजूला जाऊन कलिंगडांवरचे दोर आवळत राहिला. दोर आधीच घट्ट होते. बेक्तेमीरने सिगरेट पेटवली. सापाराली आपल्या टायरांना लाथा घालून बघत होता. मी डोंगराकडे बघत बसले, जन्मात पाहिला नसल्यासारखी. कुणी त्याच्या बाजूला गेलं नाही, आणि कुणी गाडीही सुरू केली नाही.