एकही मयत न नेलेली गाडी

मी मयतगाडी बोलतेय. लगेच मागं सरू नका. माझ्यात आजवर एकही मयत निजलेलं नाही, तेव्हा विटाळ वगैरे काही लागणार नाही. लोखंडाची आहे, म्हातारी झालेय, लागलाच तर हाताला गंज लागेल.

माझा जन्म बहात्तरच्या दुष्काळानंतरचा, चाकण रोडवरच्या एका शेडमधला. चार चाकं, दोन्ही बाजूंना कठडा, वर पत्र्याचं छत, पुढं ओढायला दांडा, अंगभर काळा रंग. मला पहिल्यांदा रस्त्यावर काढली तेव्हा चाकांचा असा खडखडाट झाला, की चाकणच्या बटाट्यांनी घाबरून जमिनीत आणखी हातभर खाली दडी मारली. त्या साली बटाटे काढणाऱ्यांच्या कमरा अजून दुखतात म्हणे. हे खोटं वाटत असेल तर सोडून द्या. पुढचं मात्र दुर्दैवानं खरं आहे.

मला घडवलं मन्सूर वेल्डरनं. सोलापूरकडून पोटासाठी आलेला. मोशीच्या वाटेवर जुन्या दगडखाणीच्या काठाला जी वस्ती उभी राहिली, तिथं आई रहिमाबी आणि बायको सुरय्या यांच्यासोबत राहायचा. इकडं कंपन्या आल्या, कंपन्यांना पाइपानं पाणी आलं, आणि कंपन्यांत राबणाऱ्यांच्या वाट्याला खाण आली. खाणीत साठलेलं हिरवं पाणी. प्यायला तेच, धुण्याला तेच, म्हशी डुंबायला तेच. मग एका वर्षी पटकी आली आणि वस्तीतली बरीच माणसं घेऊन गेली. सुरय्या त्यातच गेली.

साथ ओसरल्यावर वरून मदतीचा पैसा आला. लोकांची गरज ओळखून खर्च करा, असा हुकूम होता. नगरपालिकेनं सभा बोलावली. कुठल्या, ते सांगत नाही. माझ्या पाठीवर तिचं नाव रंगवलं होतं, आता ते मलाही वाचता येत नाही. वस्तीतून अंबूबाई गेली. बीडकडची बाई, नवरा कंपनीत हेल्पर, आवाज शिफ्टच्या भोंग्यासारखा. तिनं एवढंच मागितलं, की वस्तीला नळ द्या.

नगराध्यक्ष सोपानराव वाईट माणूस नव्हते. खरी पंचाईत तिथंच झाली. वाईट असते तर पैसे खाऊन मोकळे झाले असते आणि मी जन्मलेच नसते. पण त्याच साथीत त्यांची आई गेली होती, आणि भीतीनं गावातलं कुणी खांदा द्यायला आलं नव्हतं. सख्खे भाऊबंद दारं लावून बसले. ज्या बैलगाडीत शेणखत भरायचं, तिच्यातून सोपानरावांना आई न्यावी लागली. सभेत ते बोलायला उठले आणि रडले. नळाचं पुढं बघू म्हणाले, पण यापुढं माझ्या हद्दीत कुणाचं मयत चार खांद्यांसाठी अडून राहता कामा नये. रडणाऱ्या माणसाच्या विरोधात हात कोण वर करणार? अंबूबाईनं पाणी मागितलं आणि मंजूर झाले मी.

आपण काय बनवतोय हे मन्सूरनं शेडच्या मालकाकडून ऐकलं. डोळ्यावर काळी काच ओढली आणि वेल्डिंग सुरू केलं. सांधे असे मारले, की माझा पत्रा सडला पण सांधा एक सुटला नाही.

उद्घाटनाला झेंडूच्या माळा होत्या, नारळ होता, बँड होता. फोटोवाला म्हणाला, गाडी वापरात दिसू द्या, कुणीतरी आडवं व्हा. तेव्हा अख्खी नगरपालिका चार पावलं मागं सरली.

त्यानंतर मला कुणी हात लावला नाही. साथ गेली तसे खांदे परत आले होते. इकडं आईबापाला खांद्यावरून नेतात. गाडीवर घालून न्यायला ते काय भाजीचं पोतं आहेत, असं लोक म्हणायचे. मुसलमानांत तर जनाज्याला खांदा द्यायला वाटसरूसुद्धा थांबतो, चार पावलं चालतो, दुसऱ्याला जागा देतो. ज्या भीतीपायी मला बनवलं ती भीती गेली आणि मी उरले. गावात कुणी मला दारासमोर उभी करू देईना. शेवटी खाणीच्या वस्तीजवळ नेऊन ठेवली. तिथं माणसं जास्त मरतात, तेव्हा तिथं सोईची पडेल, असा हिशेब.

पोरं मला बघून लांबून जायची. कावळेसुद्धा बसत नव्हते, आणि एखादा बसलाच तर आधी खाकरून परवानगी घ्यायचा.

एका सकाळी रहिमाबी लांबच्या कंपनीच्या गेटवरून पाणी आणत होती. सून गेल्यापासून ती खाणीचं पाणी तोंडात घेत नव्हती. मान दुखून आली म्हणून तिनं डोक्यावरचा हंडा माझ्यात टेकवला. मागच्या बायका शहारल्या. एकीनं तर हंडा ओतून दे म्हणून सांगितलं.

"माझ्या पोरानं बनवलीय ही," रहिमाबी म्हणाली. "हिच्यात अजून कुणी निजलं न्हाई. मग ही मयताची कशी झाली?"

अंबूबाईनं पदर खोचला.

"म्हातारे, तू दांडा धर. मी मागून ढकलते."

तिथून माझं आयुष्य सुरू झालं. सकाळच्या शिफ्टचा भोंगा झाला की बायका मला घेऊन निघायच्या. माणूस निजायची जागा ती, तिच्यात हंडे आणि घागरी कठड्याला टेकून अशा बसायच्या, की थेंब सांडत नव्हता. गेटवरचा शौकत वॉचमन बागेचा नळ सोडून द्यायचा आणि पाठ करून उभा राहायचा. बायका त्याची थट्टा करायच्या, की भाऊ, आम्हाला बघून लाजतोस का साहेबाला? अख्ख्या वस्तीच्या पिण्याचं पाणी मी आणलं. दोन पावसाळे वस्तीत कुणाला हगवण लागली नाही. गावात मात्र मला बघून अजूनही लोक हात जोडायचे. मी पण गंभीर चेहरा करून जायची.

मग निवडणूक आली. विरोधकांनी चौकात भाषण ठोकलं, की सोपानरावांच्या आईच्या नावानं केलेली गाडी वस्तीच्या बायकांची घागर वाहते. लोक पोट धरून हसले. सोपानराव हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतः वस्तीत आले.

"बाई, ही मयताची गाडी आहे. तुम्ही विटंबना करताय."

"कोणत्या मयताची, साहेब?" अंबूबाई म्हणाली. "आमचं एक बी मेलं न्हाई, म्हणून तर रिकामी हाय."

सोपानरावांचा चेहरा उतरला. पण सोबत माणसं होती, आणि माणसांसमोर मागं फिरणं त्यांना जमलं नाही. मला नेऊन नगरपालिकेच्या आवारात साखळीनं बांधलं. नव्यानं काळा रंग दिला.

डोक्यावरून किती पाणी येणार? तरण्या बायका आणत राहिल्या. रहिमाबीच्या मानेनं जबाब दिला होता आणि मन्सूर ओव्हरटाइमला. शेजारच्या घागरीवर किती दिवस जगायचं, या संकोचानं ती पुन्हा खाणीवर उतरली.

एका दुपारी मन्सूर धावत आवारात आला. आईला पटकी लागली होती. रुग्णवाहिका खाणीच्या वाटेनं आत येत नव्हती. मोठ्या रस्त्यापर्यंत न्यायला त्याला मी हवी होते. भीमराज कारकुनानं त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. माठातलं, गार.

"मयत झालंय का?"

"नाही. अजून बोलतेय."

"मग कसं देता येईल, भाऊ? गाडी मयतासाठी आहे. मागं यावरनंच तर बोभाटा झाला. काही झालं तर या, लगेच सोडतो."

मन्सूर माझ्याकडं बघत होता. त्याच्याच हातचे सांधे, पण साखळी दुसऱ्याची. पाणी न पिता तो पळाला. आईला पाठीवर घेऊन निघाला, आणि मोठा रस्ता दिसायच्या आत पाठीवरचं बोलणं थांबलं.

भीमराज शब्दाला जागला. बातमी येताच त्यानं शिपायाबरोबर मला पाठवून दिली. आता मी नियमात बसत होते.

मन्सूरनं माझ्याकडं बघितलंही नाही. अंबूबाईनं बघितलं. शिपायाच्या हातून दांडा घेतला, घरोघरचे हंडे माझ्यात घातले आणि मला ओढत गेटवर नेली. शौकतनं नळ सोडला, या वेळी पाठ केली नाही.

जनाजा खांद्यांवरून निघाला. अर्धे खांदे वस्तीतल्या बीड-परभणीकडच्या शेजाऱ्यांचे होते. सोपानरावही आले, चार पावलं खांदा दिला, आणि परतताना मी उभी होते तिथं थांबले.

"ही आतून ओली कशी?"

"म्हातारीच्या आंघोळीचं पाणी आणलं, साहेब," अंबूबाई म्हणाली. "नळाचं. आता तिला चांगलंच पायजे ना."

सोपानरावांनी पुन्हा साखळी लावायला सांगितलं नाही. दुसरंही काही सांगितलं नाही. पुढं बरीच वर्षं मी पाणी वाहिलं. ऐंशी साल उलटलं, टायर गेले, तळाचा पत्रा सडला. नळ अजून यायचा आहे. परवा भंगारवाला येऊन मला ठोकून बघून गेला.

जायची तयारी आहे माझी. एवढंच मागते, मला वितळवलंत तर पाइप करा. वीतभर झाला तरी चालेल. खाणीपर्यंत पुरणार नाही, ते ठाऊक आहे मला.