साठ अंश

परशुरामाने मेलेला पांढरा उंदीर शेपटीला धरून प्लेगच्या प्रयोगशाळेच्या खिडकीतून खाडीच्या चिखलात टाकला आणि मागे वळून पाहिले. कोणी नव्हते.

हा उंदीर मरायलाच नको होता. कोळीवाड्यातल्या मंजुळेच्या नवऱ्याच्या काखेत गाठ आली होती. त्या गाठीतला पू दोन उंदरांना टोचला होता. ते मेले तर प्लेग. आणखी दोन नुसतेच जोडीला ठेवले होते, न टोचलेले. आज टोचलेले दोन्ही मेले, पण न टोचलेल्यांतलाही एक गेला. म्हणजे मारणारे काही निराळेच होते. तरी गोऱ्या डॉक्टरसाहेबांना त्याने सांगितले, टोचलेले दोन मेले. संध्याकाळच्या आत मंजुळा, नवरा आणि तान्हे मूल कल्याणच्या प्लेग-छावणीत पोचले आणि आत ऊन पडावे म्हणून त्यांच्या घराची कौले उतरली.

उंदीर बोटीने विलायतेहून आले, तेव्हा त्यांना किती ऊब मानवते ते ठरवायचे काम साहेबांनी त्याच्यावर सोपवले होते. मॅट्रिक पास परशुराम हुरळून गेला. साहेब भर पौषात घामाने निथळतात, मग त्यांच्याच मुलखातल्या उंदरांना इथला उकाडा कसा सोसेल? त्याने फॅरनहाइटचे साठ अंश ठरवले, पिंजऱ्यातला पेंढा घाण म्हणून काढून टाकला आणि वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारायला झाडलोटवाल्या मनुबाईला बसवले. मनुबाई म्हणजे मंजुळेची आई.

"भाऊसाहेब, बगा, एकावर एक चढून कुडकुडतान," ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती.

"तुला मासळी कळते, मनुबाई. उंदीर नाही."

लेकीला नेले तरी ती कामावर येत राहिली. खाली मान घालून पाणी मारायची. त्याला अन्न गोड लागेना. आपण शिकून काय दिवे लावले, असे वाटून त्याचे त्यालाच तोंड लपवावेसे वाटे. अखेर त्याने पडदा उतरवला, पिंजऱ्यात पेंढा आणि कापूस घातला, पारा ऐंशीच्या वर जाऊ दिला आणि साहेबांच्या परवानगीने बाटलीत उरलेला पू नव्या उंदरांना टोचला. उंदीर कापसात घरे करून राहिले. दहा दिवस झाले, एकही मेला नाही. गाठ साधे गळू ठरली आणि मंजुळेला सोडण्याचा हुकूम निघाला.

मग साहेबांनी विचारलेच, आधीचे का मेले? कोपऱ्यात गुंडाळलेल्या पडद्याकडे त्यांची नजर गेली. त्यांनी मनुबाईला बोलावले. त्यांना मराठी येत नव्हते, दुभाषा परशुरामच.

"मीच पाणी मारलां," ती म्हणाली. "भाऊसाहेबांनी सांगतलां म्हणून. थंडी लागतंय ह्ये मी त्यांना बोललेली."

साहेब वाट पाहत होते. 

"पाणी हिने मारले, असे ती सांगते," तो इंग्रजीत म्हणाला, आणि थांबला.

साहेबांनी हात झटकून चार शब्द उच्चारले.

"काय बोलले सायेब?" मनुबाईने विचारले.

"उद्यापासून येऊ नकोस."

 मग पदर सावरून तिने त्याला वाकून हात जोडले.

"जाऊ दे. पोर सुटली माझी, भाऊसाहेब. तुम्ही व्हते म्हणून."