कैलाशचे डोळे

मित्रांनो, मी एक जुना रोलचा कॅमेरा आहे. नवेगाव बांधच्या बाजारात, योगराजच्या फोटो स्टुडिओतल्या काचेच्या कपाटात माझा मुक्काम असतो. भिंगावर बुरशी चढली आहे. तरी एक चेहरा मला अजून लख्ख दिसतो.

माझ्या उमेदीच्या काळात लोक फोटो काढत ते लग्नात, नाहीतर एकदम मरणात. जन्मभर ज्याचा फोटो निघाला नाही, त्याचा शेवटचा फोटो काढायला योगराज मला घेऊन जाई. मग छापलेल्या फोटोवर बारीक कुंचल्याने मिटलेले डोळे उघडे रंगवी. लोक त्याची वाहवा करत.

एकदा वादळात तलावावर कैलाशचा डोंगा उलटला. मासे धरायला गेलेला माणूस परतला तो खाटेवर. त्याचाही फोटो मी टिपला, योगराजने डोळे रंगवले. पण त्याची बायको रुख्मा फोटो घेऊन परत आली.

"भाऊ, हे डोळे त्याइचे नाई. हे कोणाकडंच पाहून नाई राहिले."

योगराजने फोटो पुन्हा हातात घेतला. कैलाशला जिवंतपणी त्याने कधी नीट पाहिलंच नव्हतं. रुख्माने कडेवरची प्रेरणा खाली उतरवली. "हिचे डोळे बापावर गेले हायेत. हिचे पाहून रंगव."

चिमुरडी स्टुलावर बसली. "बाबाकडं पाह्यतेस तशी इकडं पाह्य, बेटा," योगराज म्हणाला.

बाप माझ्या आतच लपला असावा, अशी ती भिंगात पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाबा, बाहेर ये ना."

माझा पडदा उघडला, मिटला. बाहेर कोणीच आलं नाही. पुढे हजारो चेहरे टिपले, पण ती हाक माझ्या काळोखात अजून घुमते.

तिचे डोळे पाहून रंगवलेला कैलाशचा फोटो मात्र साधला. तो उराशी धरून रुख्मा पहिल्यांदाच रडली.

परवा प्रेरणा आईला घेऊन दुकानात आली. आता ती सडक अर्जुनीला नर्स आहे.

"काका, बाबाच्या फोटोसमोर उभी राहिली का मीच माह्याकडं पाहून राहिली असं वाटते. भेव वाटते. बाबा कसे पाह्यत होते, ते मले कधीच नाई समजणार. आईचा फोटो काढा. आत्ताच."

बाकावर बसलेली रुख्मा लाजली. "म्हातारीचा कायले वं?"

"तू माह्याकडं पाह्य फक्त."

रुख्माने लेकीकडे पाहिलं आणि तिला हसू फुटलं. योगराजने नव्या कॅमेऱ्याने ते टिपलं. कपाटातून मी नुसता पाहत होतो.

मित्रांनो, तुमच्या घरात तर प्रत्येकाच्या हाती मोबाइल आहे. आपलं माणूस तुमच्याकडे पाहून हसत असेल, तेव्हाच त्याचा फोटो काढा, कागदावर छापा, जपून ठेवा. आम्हाला उशिरा बोलावू नका. उशिरा बोलावलेल्या कॅमेऱ्याला काय पाहावं लागतं, ते मी पाहिलं आहे.