आईचे काळेनिळे डोळे

आमच्या बाहेरच्या खोलीत उभं राहायला जागा नव्हती. सगळ्यांना आईचे डोळे बघायचे होते. बाबा जाऊन पंधरवडाही झाला नव्हता, आणि एका सकाळी आई उठली ती दोन्ही डोळ्यांभोवती काळंनिळं घेऊनच. दारं आतून बंद होती.

“गेलेल्या माणसाचा हात आहे,” भूत उतरवायला बोलावलेल्या महाराजांनी तेव्हाच सांगितलं होतं. “मी राख लावतो. काळं आधी खाली उतरेल, मग हिरवं पडेल, मग पिवळं. पिवळं पडलं की तो निघाला समजा.”

काळं गालांवर उतरलं. आज त्याच्या कडा हिरवट झाल्या होत्या.

“बोलले तसंच झालं बघ,” शेजारच्या काकू हळूच म्हणाल्या.

आता बाबांच्या वस्तू जाळायच्या होत्या. घड्याळ तेवढं जाळायचं नव्हतं. त्यातलं भूत महाराज स्वतःच्या मनगटावर सांभाळणार होते.

आई बाबांचा कोट धरून बसली होती. त्यांनी तिच्यावर कधी हात उगारला नव्हता. “माझं काय चुकलं गं?” एवढंच ती रोज विचारायची.

मी मावसबहिणीला बोलावून घेतलं. ती डॉक्टर आहे. तिने आईचे डोळे तपासले.

“मावशी, कपाळाला काही लागलं होतं?”

“कपाटाचं दार. पण ते दोन दिवस आधी. डोळ्यांना नाही लागलं.”

“कपाळात साचलेलं रक्त कातडीखालून खाली उतरतं. पापणीची कातडी सैल, तिथे ते साठतं. मग विरताना रंग बदलतं. राख लावा, नाहीतर लावू नका.” तिने माझी बाही वर केली. बाबांसाठी रक्त दिलं होतं, तिथला डाग अजून पिवळा होता. “हा डाग हिरवा झालेला तू पाहिलास ना? इथे कोण मारून गेलं?”

“विज्ञानाला सगळं कळत नाही,” महाराज म्हणाले.

“डोक्याला मार लागून दोन्ही डोळे काळे पडले, तर कवटीला तडा असू शकतो, एवढं कळतं. आणि तुम्ही राख चोळत बसलात.”

आम्ही आईला दवाखान्यात नेऊन स्कॅन काढला. कवटी शाबूत निघाली. थंड पट्ट्या ठेवायचे पहिले दिवस राखेत गेले होते. आता उशी उंच घ्यायची, चोळायचं नाही. उलटी झाली, एकाचे दोन दिसले किंवा नाकातून पाणी आलं, तर तडक दवाखाना गाठायचा.

परतताना आईने विचारलं, “म्हणजे ते आलेच नव्हते?”

“नाही, आई.”

आई म्हणाली, “मारायला का होईना, आले असं वाटलं होतं.”

महाराज नेमके अशाच घरांत शिरतात. तुमच्या घरी आले, तर आधी डॉक्टरला बोलवा. गेलेल्यांना स्वतःची बाजू मांडता येत नाही. ती आपणच मांडायची असते.