तिच्यापर्यंत न पोचलेला वास

मित्रांनो, मी कॉफीचे एक जुने मशीन आहे. स्वयंपाकघरातल्या उंच फळीवर, बंद पडलेल्या पंख्याशेजारी मला ठेवले आहे. मान वर केल्याशिवाय मी दिसत नाही, आणि या घरात आता कोणी मान वर करत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. शेवटचा स्क्रू आवळून एका बाईने माझ्यातून गरम पाणी सोडून पाहिले, 'पास' अशी चिठ्ठी चिकटवली आणि मी खोक्यात गेलो. तिथून चष्म्यांचे दुकान चालवणाऱ्या एका गृहस्थांच्या घरी आलो. सगळे त्यांना चष्मेवाले म्हणत. त्यांची बायको साबणाच्या कारखान्यात वास पारखायची. तिचे नाक इतके तिखट, की कॉफीची पूड किती दिवसांची आहे हे डब्याचे झाकण उघडताच सांगायची. रोज सकाळी मी काळीभोर, दाट कॉफी गाळून द्यायचो. ती कपावर वाकायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "जमली." तेवढे ऐकायला मी जिवाचे रान करायचो.

मग तिला ताप आला. आठवड्याने ताप उतरला, पण वास गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणाले, वाट पाहा. कारखान्याने सहा महिने वाट पाहिली आणि तिला घरी बसवले.

चष्मेवाले हातावर हात धरून बसणारे नव्हते. त्यांच्या मनाने घेतले, की वास जोरकस झाला तर तिला नक्की येईल. आधी त्यांनी ताज्या बिया दळणारी विजेची चक्की आणली. मग माझ्या जागी दुप्पट मोठे मशीन आले आणि मी फळीवर गेलो. त्याच्यामागून आले दोन टाक्यांचे, दाबाचा काटा असलेले. प्रत्येक नव्या मशीनचा पहिला कप ते तिच्यासमोर धरून विचारायचे, आला का वास? ती जरा थांबून म्हणायची, थोडासा आला. त्या 'थोडासा'वर त्यांचे कित्येक आठवडे निघायचे. घरी असले की बिया तोलायच्या, काटा न्याहाळायचा, दुसरे काही नाही.

एका सकाळी ते असेच काट्यात डोके घालून बसले होते. शेगडीवरचे दूध आटून तळाला लागले. करपट वास घरभर पसरला. ती शेगडीकडे पाठ करून, हातात कप घेऊन उभी होती. हसून म्हणाली, "आज मस्त वास येतोय हो कॉफीचा."

त्यांनी शेगडी बंद केली आणि पातेले तिच्यासमोर ठेवले. तिने आत पाहिले. तिचा चेहरा उतरला.

"मग इतके दिवस 'थोडासा आला' असं का म्हणत होतीस?"

तिने हातातला कप खाली ठेवला. "नवीन मशीन आलं की तुम्ही माझ्याकडे बघायचात," ती म्हणाली. "बाकीचे दिवस मशीनकडे."

त्या दिवसापासून चक्की फिरली नाही. मोठे मशीन फडक्याखाली झाकले आहे. ती सकाळी नुसते गरम पाणी पिते. काहीही प्यायले तरी तिला सारखेच.

मित्रांनो, माझी रबरे वाळली आहेत, नळीत क्षार साचले आहेत. मला खाली काढा, असे मी म्हणणार नाही. मशीन दुरुस्त होते, नाहीतर बदलता येते. पण तुमच्या घरात कोणाचे काही कायमचे गेले असेल, तर ते परत आणण्याच्या नादात त्या माणसाला एकटे पाडू नका.

चष्मेवाल्यांना हे कळले आहे. रोज सकाळी ते तिच्यासमोरच्या खुर्चीत येऊन बसतात. काय बोलावे ते मात्र त्यांना सुचत नाही, आणि थोड्या वेळाने ते उठून दुकानाला जातात.